‘ओनायरिक’ म्हणजे ‘स्वप्नवत’ का?

प्रश्न असा आला आहे: एका चित्रपटाच्या इंग्रजी परीक्षणात ‘ओनायरिक’ हे विशेषण वाचलं. कोशात ‘स्वप्नासंबंधी’ एवढाच अर्थ मिळाला. मराठीत ‘स्वप्नवत’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही चालणार.

‘स्वप्नवत’ आपण कुठे वापरतो ते आठवून पाहा. स्वप्नवत यश, स्वप्नवत पदार्पण. सगळीकडे हवंहवंसं काहीतरी घडलेलं असतं. मराठीत स्वप्न ‘पडतं’ आणि स्वप्न आपण ‘पाहतो’ही. लेकीने डॉक्टर व्हावं हे आईने पाहिलेलं स्वप्न. पहाटे पडतं ते निराळं, त्यावर कुणाचीच सत्ता नसते. ‘स्वप्नवत’ हा आता पाहिलेल्या स्वप्नाचा शब्द झाला आहे. ‘ओनायरिक’ मात्र पडलेल्या स्वप्नाचा आहे.

म्हणजे कसं? आपण जुन्या घराच्या माजघरात उभे आहोत. मागचं दार उघडतो तर समोर थेट एसटी स्टँड. फलाटावर कित्येक वर्षांपूर्वी गेलेली आजी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली आहे. ‘गाडी लागलीय, चल,’ म्हणते. आणि आपल्याला यात काही वावगं वाटत नाही! हे नवल न वाटणं फार महत्त्वाचं. जागा एकमेकींत मिसळतात, काळाचं भान सुटतं, तरी आत असेपर्यंत सगळं खरं असतं. अशा अनुभवाला ‘ओनायरिक’ म्हणतात. तो सुखद असो की भयाण, शब्दाला फरक पडत नाही.

मूळ ग्रीक ‘ओनेइरोस’, म्हणजे स्वप्न. ग्रीक कवी होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात देवाधिदेव झ्यूस हा ओनेइरोस अगामेम्नॉन राजाकडे धाडतो आणि तो झोपलेल्या राजाच्या उशाशी येऊन उभा राहतो. स्वप्न बाहेरून येतं ही कल्पना आपल्या ‘पडणं’ला किती जवळची आहे! (आपल्या ‘स्वप्न’चं ग्रीक नातं मात्र दुसऱ्याच शब्दाशी, ‘हिप्नोस’ म्हणजे झोपेशी. संस्कृतातही ‘स्वप्न’चा एक अर्थ झोप असा आहेच.)

इंग्रजीतही हा रोजच्या बोलण्यातला शब्द नव्हे. समीक्षेत आणि मानसशास्त्रीय लेखनात तो भेटतो. उच्चार करताना जोर ‘नाय’वर द्यायचा. चित्रपटातलंच उदाहरण घ्या: दिग्दर्शक लुई बुन्युएल आणि चित्रकार साल्वादोर दाली यांनी १९२९ साली केलेला ‘अँ शियँ आंदालू’ हा मूकपट दोघांना पडलेल्या स्वप्नांतून निघाला होता. ढग चंद्राला कापत जातो आणि वस्तरा डोळ्याला. त्या दृश्याला ‘स्वप्नवत’ म्हणवेल का?

‘स्वप्नाळू’ माणसाला लागतं, ‘स्वप्निल’ डोळ्यांना. तेही इथे बसत नाहीत. एकच शब्द हवा असेल तर मी ‘स्वाप्निक’ घेईन: स्वाप्निक दृश्य, स्वाप्निक तर्क. पण परीक्षण लिहिताना माझी पसंती सरळ वाक्याला आहे: ‘हा चित्रपट झोपेत पडलेल्या स्वप्नासारखा पुढे सरकतो.’