आईवडिलांसाठी टॉप-अप घ्यावा की सुपर टॉप-अप?

वडील ७२, आई ६८, दोघांची मिळून ५ लाखांची आरोग्य विमा पॉलिसी, मग वर काय जोडावं, असं तुम्ही विचारलंय. सुपर टॉप-अपच घ्या.

फरक डिडक्टिबलमध्ये आहे, म्हणजे खिशातून किंवा मूळ पॉलिसीतून आधी भागवायची रक्कम. ती ५ लाख धरा. वडिलांचं जूनमध्ये ४ लाखांचं बिल झालं, नोव्हेंबरमध्ये पुन्हा ४ लाखांचं. साधा टॉप-अप प्रत्येक बिल सुटं बघतो. एकही ५ लाखांच्या वर नाही, त्यामुळे हातात काहीच नाही. सुपर टॉप-अप त्या पॉलिसी-वर्षाची बेरीज करतो, ८ लाख, आणि वरच्या ३ लाखांसाठी क्लेम करता येतो. या वयात एका वर्षात दोनदा ॲडमिट व्हावं लागणं काही नवलाचं नाही.

को-पे, म्हणजे क्लेममधला तुम्ही भरायचा वाटा, मात्र नीट वाचा. २०% असेल तर त्या ३ लाखांतले ६० हजार तुमचेच जातील.

आणि कळकळीने सांगते, फॉर्म स्वतः भरा. एजंट घाईघाईत मधुमेहासमोर ‘नाही’ची खूण करतो आणि नेमका तोच कागद क्लेमच्या वेळी पुढे येतो. खरं लिहिलंत तर जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागेल, पण हक्क शाबूत राहील.

वडिलांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सरकारी आयुष्मान भारत योजनेचं ज्येष्ठांसाठीचं कार्ड, काढलंय का? सत्तरीनंतर उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, फक्त योजनेतल्या रुग्णालयांत. खाजगी पॉलिसी असली तरी चालतं.