ट्रान्सपोर्ट फिनॉमिनामध्ये संवेग, उष्णता आणि वस्तुमान एकत्र का शिकवतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नागपुरात केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात, फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर आणि मास ट्रान्सफर हे तिन्ही विषय वेगवेगळे होऊन गेले, मग ट्रान्सपोर्ट फिनॉमिनामध्ये (संवेग, उष्णता आणि वस्तुमान इकडून तिकडे कसे जातात याच्या अभ्यासात) तेच पुन्हा एकत्र कशाला, आणि समीकरणं पाठ करून विषय निघेल का?

निघेल. पण मग एक फार सुंदर गोष्ट हातची जाईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी बावीस वर्षं केमिकल प्लांटच्या प्रोसेस विभागात काम करतोय, त्यातली बरीचशी नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत. हा विषय मला वर्गात नाही, घराच्या गच्चीवर कळला, कूलर उघडल्यावर.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू होता. कूलरची टाकी काठोकाठ, पाणी वर चढवणारा छोटा टुल्लू पंप चालू, पंखा तीनवर, तरी खोली काही गार होईना. आई म्हणाली, "अरे, मागची जाळी उघडून तर पाय, पाणी नीट सुटून राहिलं का नाही." पंखा बंद करून जाळी काढली. वरच्या नळीची दोन-तीन भोकं क्षारानं बुजली होती, आणि त्याखाली वुडवूलचा (जाळीत भरलेल्या लाकडाच्या तंतूंचा) चार बोटं रुंदीचा पट्टा वरपासून खालपर्यंत कोरडा ठणठणीत होता. त्या पट्ट्याला हात लावला तर कढत. त्याला लागूनच, दोन बोटांवर, ओली वुडवूल माठासारखी गार. ऊन तेच, हवा तीच, पंखा तोच. मी बराच वेळ हात इकडून तिकडे फिरवत बसलो होतो.

त्या ओल्या तंतूपाशी काय चाललेलं असतं ते बघा. तंतूला अगदी चिकटलेली हवा थांबलेली असते. तिच्यावरचा थर जरासा सरकतो, त्यावरचा आणखी थोडा. पंख्यानं हवेला दिलेली हालचाल अशी थराथरातून तंतूकडे झिरपते आणि तिथे जिरते. हे संवेगाचं (वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे मोमेंटमचं) वहन, आणि पंख्याची बरीचशी मेहनत यातच खर्च होते. बाहेरच्या तापलेल्या हवेची उष्णता त्याच थरांमधून तंतूवरच्या पाण्याकडे येते. आणि त्या पाण्याची वाफ त्याच थरांमधून उलट्या दिशेनं हवेत जाते. तिन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच दोन-तीन मिलिमीटरांच्या जागेत. तुमच्या तीन विषयांची तीन पुस्तकं तिथे वेगळी करताच येत नाहीत.

आता आकडे. मे महिन्यातली दुपार धरा, बाहेर ४५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल लागतात आणि ही उष्णता हवेतूनच काढून घेतली जाते. पाणी जसजसं गार होतं तसतशी त्याच्याकडे येणारी उष्णता वाढते आणि वाफ होण्याचा वेग मंदावतो. एका तापमानाला जमा आणि खर्च जुळतात. तेच वेट बल्ब तापमान. आपल्या या हवेसाठी ते २३ ते २४ अंशांच्या मध्ये येतं. बऱ्यापैकी चांगलं पॅड ४५ पासून तिथपर्यंतच्या वाटेतली ८० टक्के मजल मारतं, म्हणून कूलरच्या तोंडाशी २८ अंशांची हवा मिळते. जुलैत बाहेर ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली की वेट बल्बच २९ वर असतो, मग कूलर दोन-अडीच अंशांपलीकडे काय देणार! खिडकी उघडी ठेवा असं घरोघरी सांगतात ते याचसाठी, वाफ भरलेली हवा बाहेर गेली नाही तर खोलीतच जुलै तयार होतो.

इथवर तुम्हाला ठाऊक असेल. खरी गंमत पुढे आहे. पंखा एकवरून तीनवर नेला तरी वेट बल्ब तापमान जवळपास हलत नाही. का हलत नाही? वेग वाढला की पाण्याकडे येणारी उष्णता वाढते, हे बरोबर. पण वाफ नेणंही तितक्याच पटीनं वाढतं, कारण दोघांची वाट अडवणारा थर एकच आहे आणि वेगानं तोच पातळ होतो. हीट ट्रान्सफर कोएफिशंट आणि मास ट्रान्सफर कोएफिशंट (उष्णता आणि वाफ त्या थरातून किती सहज जातात ते सांगणारे आकडे) यांचा भागाकार घेतला की वेग त्यातून निघूनच जातो. ही ओळ मला परीक्षेच्या वेळी पाठ होती. तिचा अर्थ त्या गच्चीवर कळला.

हे जुळतं कसं, त्याचं उत्तर तीन आकड्यांत आहे. ३० अंशांच्या आसपासच्या हवेत संवेग साधारण १६ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद या दरानं पसरतो, उष्णता २३ या दरानं आणि पाण्याची वाफ २६ या दरानं. एकक तिघांचं एकच, आणि आकडेही एकाच घरातले. वायूत असं होणारच, कारण तिथे तिन्ही मालांचा हमाल एकच: इकडून तिकडे उडणारा रेणू. तो स्वतः गेला की वस्तुमान गेलं, आपला वेग घेऊन गेला की संवेग गेला, आपली ऊर्जा घेऊन गेला की उष्णता गेली. प्रँटल नंबर, श्मिट नंबर, लुईस नंबर ही नावं ऐकून घाबरू नका. या तीन आकड्यांतले दोन-दोन घेऊन केलेले ते भागाकार आहेत, एवढंच.

याच आकड्यांवरून कूलरचं पॅडही डिझाइन करता येतं. हनीकोंब पॅड (मधाच्या पोळ्यासारख्या खाचांचं कागदी पॅड) १० सेंटीमीटर जाड असेल आणि हवा सेकंदाला २ मीटर वेगानं जात असेल, तर तिला आत मिळतो सेकंदाचा विसावा भाग. वाफेच्या त्या २६ ला ०.०५ नं गुणून वर्गमूळ काढा: साधारण १.१ मिलिमीटर. तेवढ्या वेळात वाफ आडवी इतकीच सरकू शकते, आणि उष्णताही तितकीच. म्हणून त्या पॅडच्या खाचा काही मिलिमीटरच्याच असाव्या लागतात. बोटभर रुंद ठेवल्या तर मधली हवा कोरडीच्या कोरडी, गरमच्या गरम आरपार निघून जाईल, माझ्या त्या चार बोटांच्या पट्ट्यातून जात होती तशी. आणि फारच बारीक ठेवल्या तर पंखा हवा ओढता ओढता थकेल. तिन्हींचा मेळ घालूनच ती खाच ठरते.

आता द्रवात या. इथे सगळं चित्र पालटतं आणि हेच नेमकं वर्गात घाईघाईत उरकलं जातं. पाण्यात संवेगाचा आकडा साधारण ०.८, उष्णतेचा ०.१५, आणि विरघळलेल्या साखरेचा ०.०००५ च्या आसपास. पहिला आणि शेवटचा यांच्यात दीड हजारपटीहून जास्त अंतर! द्रवात रेणू खेटून उभे असतात, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनी असते तशी गर्दी. मागून आलेला रेटा क्षणात पुढे पोचतो, पण माणसाला स्वतःला या टोकाकडून त्या टोकाला जायचं तर तास जातो. रेटा म्हणजे संवेग, आणि तो माणूस म्हणजे वस्तुमान. लिंबाच्या सरबताच्या पेल्यात खाली बसलेली साखर न ढवळता १० सेंटीमीटर वर पोचायला किती वेळ लागेल, ते अंतराच्या वर्गाला ०.०००५ नं भागून काढून बघा. सात महिन्यांच्या वर उत्तर येतं. चमचा फिरवला की काम अर्ध्या मिनिटात होतं. हा चमचा म्हणजेच आपला प्लांटमधला अजिटेटर, आणि त्याची मोटर किती अश्वशक्तीची घ्यायची हा प्रश्न संवेगाचा असला तरी ती घ्यायची वस्तुमानासाठी.

तिन्ही एकमेकांच्या पायात कसे अडकतात ते मी एका रस आटवण्याच्या प्लांटवर जवळून पाहिलं. संत्र्याचा रस ११-१२ ब्रिक्सवरून (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेची टक्केवारी) ६५ पर्यंत न्यायचा असतो. पाणी निघून जातं, हे वस्तुमान. पाणी गेलं की रस घट्ट होतो, व्हिस्कॉसिटी, म्हणजे वाहायला होणारा अटकाव, चढत जाते, म्हणजे संवेगाची बाजू बदलली. घट्ट रस नळीच्या भिंतीपाशी रेंगाळतो, तिथला थर जाड होतो आणि उष्णता आत शिरेना होते. ऑपरेटरला वाटतं वाफ कमी पडतेय. तो स्टीम वाढवतो. भिंतीजवळचा रस आणखी तापतो, करपतो, भिंतीवर थर धरतो आणि उष्णता अजूनच अडते. आमच्याकडे एकदा हे असंच झालं. हीट ट्रान्सफरचा हिशोब करणारा माणूस वेगळा होता, पंपाचा वेगळा, आणि दोघांचेही कागद आपापल्या जागी बरोबर होते. पंपाचा हिशोब मात्र पातळ रसाच्या व्हिस्कॉसिटीवर केलेला होता. अख्खी बॅच तपकिरी निघाली, करपट वासाची. घरी संत्रा बर्फीसाठी गर आटवताना शेवटी शेवटी गॅस बारीक करून ढवळण्याचा वेग वाढवतात, खाली लागू नये म्हणून. दोन स्वतंत्र हिशोब करणाऱ्यांना जे दिसलं नाही ते कढईपाशी उभ्या असलेल्या बाईला दिसत असतं, कारण तिच्या हाताला घट्टपणा, धग आणि वाफ एकाच वेळी कळतात.

इतिहास थोडक्यात. न्यूटननं द्रवातल्या घर्षणाची कल्पना १६८७ मध्ये मांडली, फूरिएनं उष्णतेचं समीकरण १८२२ मध्ये, आणि फिकनं १८५५ मध्ये विसरणाचा (डिफ्यूजनचा, म्हणजे पदार्थ आपोआप पसरण्याचा) नियम फूरिएच्याच साच्यात बसवला. फिक शरीरशास्त्रज्ञ होता, हे मला फार आवडतं. पुढे रेनॉल्ड्सनं संवेग आणि उष्णता यांची सांगड घातली, १९३४ मध्ये चिल्टन आणि कोलबर्न यांनी त्यात वस्तुमान आणलं. १९६० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बर्ड, स्टुअर्ट आणि लाइटफूट यांचं पाठ्यपुस्तक आलं आणि तिन्ही एकत्र शिकवण्याची आजची पद्धत जगभर रुजली.

पण ही सांगड कुठे तुटते हेही माहीत असायला हवं, नाहीतर व्हायवात अडकाल आणि प्लांटवर त्याहून वाईट. संवेगाला दिशा असते, उष्णतेला आणि वस्तुमानाला नसते. एखाद्या नळीवरून हवा आडवी गेली की नळीच्या मागे भोवरे होतात, पुढच्या आणि मागच्या बाजूच्या दाबात फरक पडतो, आणि त्यानं लागणारा जोर हा थरांच्या घर्षणाचा नसतो. त्या जोराला उष्णतेत किंवा वस्तुमानात जोडीदारच नाही. म्हणून चिल्टन-कोलबर्न यांची सांगड वापरताना घर्षणाचाच वाटा घ्यायचा, दाबाचा नाही. सरळ पाइपमधल्या टर्ब्युलंट, म्हणजे खळबळत्या प्रवाहात मात्र हे साधर्म्य सोन्यासारखं चालतं. नुसता प्रेशर ड्रॉप मोजून हीट ट्रान्सफर कोएफिशंटचा चांगला अंदाज येतो.

दुसरी जागा सॉल्व्हंटची, म्हणजे टोल्युइनसारख्या विद्रावक द्रवांची. हवा-पाण्याच्या जोडीत उष्णता आणि वाफ यांचे आकडे जवळजवळ सारखे, म्हणून वेट बल्ब आणि ॲडियाबॅटिक सॅच्युरेशन तापमान (बाहेरून उष्णता न देता हवा वाफेनं पूर्ण भरली की जे तापमान येतं ते) एकच धरलं तरी चालून जातं. टोल्युइनचं तसं नाही. त्याचा रेणू जड, हवेत सावकाश पसरतो, त्यामुळे ओल्या पृष्ठभागाचं तापमान सॅच्युरेशनच्या तापमानापेक्षा वर राहतं. पाण्याची सवय झालेला इंजिनिअर सॉल्व्हंटचा ड्रायर डिझाइन करताना इथे हमखास चुकतो. मी अशी दोन डिझाइन दुरुस्त केली आहेत.

अभ्यासाचं म्हणाल तर एक करा. उतरत्या पत्र्यावरून वाहणाऱ्या पातळ थराचा शेल बॅलन्स (एका पातळ कापाचा जमाखर्च) एकदा पूर्ण हातानं लिहा, कुठेही न बघता. मग तोच कागद समोर ठेवून उष्णता तयार होणाऱ्या तारेचा बॅलन्स लिहा, आणि मग अभिक्रिया चालू असलेल्या कॅटॅलिस्टच्या गोळीचा. आत आलं, बाहेर गेलं, आत तयार झालं किंवा संपलं, बस. भूमिती बदलेल, अक्षरं बदलतील, मांडणी बदलणार नाही. तीन उदाहरणं अशी झाली की पाठ करायचं फारसं उरत नाही.

आणि कूलर घरी असेल तर हेही करून बघा. साध्या काचेच्या थर्मामीटरच्या बल्बला सुती कापडाची ओली पट्टी गुंडाळा, पट्टीचं दुसरं टोक वाटीतल्या पाण्यात बुडवा. सावलीत, साध्या टेबलफॅनसमोर धरा, कूलरसमोर नाही, नाहीतर हवा आधीच ओली असेल. शेजारी एक कोरडा थर्मामीटर ठेवा. पंखा बंद असताना ओल्याचा आकडा थोडा वर राहील, कारण आजूबाजूच्या तापलेल्या भिंतींची धग त्याला लागत असते. पंखा एकवर करा, पाच मिनिटं थांबा, लिहून घ्या. मग दोनवर, मग तीनवर. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी कोरडा आणि ओला यांच्यात वीसेक अंशांचं अंतर दिसेल, आणि पंख्याचा वेग वाढवत नेला तरी ओल्याचा आकडा तिथेच थांबलेला असेल. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान करा, तेव्हा हवा सगळ्यात कोरडी असते. आकडे इथे खाली लिहिलेत तर मी तुमच्याबरोबर हिशोब मांडून बघेन.