स्टिकरवर तारीख आहे, मग रोज बम्प टेस्ट कशाला?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. कॅलिब्रेशनचा (ठाऊक असलेल्या गॅसशी मीटरचा आकडा जुळवून घेतल्याचा) स्टिकर अजून पाच महिने चालणार असताना चार गॅसच्या (ऑक्सिजन, जळणारे वायू, सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि एच टू एस म्हणजे हायड्रोजन सल्फाइड) मीटरची रोज सकाळी बम्प टेस्ट करून, म्हणजे थोडा गॅस देऊन तो दाद देतो का ते बघून, त्या गॅसचा सिलिंडर का संपवायचा, ही एक. आणि सॅनिटायझरने पुसल्यापासून मोकळ्या हवेतही सीओ ३० दाखवतोय, तर झिरो करून टाकू का, ही दुसरी. दुसरीचं उत्तर आधी देतो, कारण ती चूक तुमच्या हातून आजच होऊ शकते. झिरो करू नका.

सीओचा सेन्सर अल्कोहोलच्या वाफेलाही दाद देतो. म्हणजे तो बिघडलेला नाही, त्याला सीओ आणि अल्कोहोल यांतला फरक कळत नाही एवढंच. आत्ता झिरो केलात तर मीटर या ३० लाच शून्य समजेल. पुढे अल्कोहोल उडून जाईल आणि मग खरा सीओ ६५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ६५ भाग) असेल तेव्हा पडद्यावर ३५ दिसेल. अलार्म ३५ ला लावलेला असेल, तर तो तेव्हा कुठे वाजेल. त्यापेक्षा मीटर रात्रभर स्वच्छ, वाऱ्याच्या जागी राहू द्या. सकाळी आकडा खाली आला असेल तर झिरो, मग पूर्ण कॅलिब्रेशन. नसेल आला तर फिल्टर किंवा सेन्सर बदलायची वेळ आली. यापुढे पुसायला ओलं फडकं, बस्स.

खरं तर अल्कोहोलवर निभावलं हे बरंच झालं. सिलिकॉन असतं तर जास्त वाईट. स्प्रे ल्युब्रिकंट, पॉलिश, सीलंट, काही हँडक्रीम यांत सिलिकॉन असतं आणि ते एलईएलच्या, म्हणजे जळणारे वायू मोजणाऱ्या सेन्सरच्या, तापलेल्या मण्यावर थर धरून बसतं. जळणारा वायू त्या मण्यावर जळतो, त्याने मणी आणखी तापतो, आणि त्यावरून आकडा निघतो. थर बसला की जळणंच थांबतं. अलार्म नाही, एरर नाही. आकडा शून्य, कायमचा शून्य.

यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. स्टिकर सांगतो की त्या दिवशी सेन्सर ठीक होता. त्यानंतर मीटर पडला, पाण्यात बुडाला, कुणीतरी शेजारी सीलंट लावलं, याची स्टिकरला खबर नसते. चालू करताना मीटर जी स्वतःची तपासणी करतो, त्यात बॅटरी, दिवे, भोंगा, सर्किट पाहिलं जातं. सेन्सरपर्यंत गॅस पोचतो का हे त्यात पाहिलंच जात नाही. चौघांपैकी ऑक्सिजनचा सेन्सर मरू लागला की बहुधा आकडा स्वच्छ हवेतल्या २०.९ टक्क्यांवरून घसरतो आणि तो स्वतःच बोंब मारतो. बाकीचे तिघे मुकाट्याने मरतात, कारण स्वच्छ हवेतही त्यांनी शून्यच दाखवायचं असतं.

एका शटडाउनला (दुरुस्तीसाठी प्लांट बंद असताना) मी कामाचं परमिट सही करायला बसलो होतो. एक मीटर आदल्या पाळीत सांडपाण्याच्या टाकीच्या कामावर जाऊन आला होता. बम्प गॅस लावला. ऑक्सिजन उतरला, एलईएल चढला, सीओ चढला, एच टू एस मात्र शून्यावरून हलेना. पुढचं झाकण काढलं तर त्याच्या भोकावरच्या फिल्टरवर वाळलेल्या गाळाचा पापुद्रा, नखाने खरवडला तर निघेल असा. फिल्टर बदलल्यावर २५ पीपीएमच्या गॅसला २४ दाखवले. म्हणजे सेन्सर ठणठणीत होता, त्याचं तोंड बंद होतं. आदल्या पाळीत एक माणूस तोच मीटर छातीला लावून आत उतरला होता. आणि ‘सडक्या अंड्यांचा वास येतोच की’ असं कुणी म्हणालं तर सांगा: १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं, वास येईनासा होतो.

सिलिंडरच्या खर्चाचं म्हणाल तर ०.५ लिटर प्रति मिनिट या वेगाने पाऊण मिनिट गॅस दिला तरी अर्धा लिटरही जात नाही. ५८ लिटरच्या सिलिंडरमध्ये दीडशे टेस्ट होतात. एवढ्यावरून वरिष्ठ कुरकुरत असतील तर हिशेब कागदावर मांडून दाखवा. एक मात्र बघा, सिलिंडरवरची मुदत. एच टू एस असलेलं मिश्रण हळूहळू कमजोर होतं आणि मग चांगला मीटरही नापास होतो. पंपवाल्या मीटरला ठरावीक वेगाचा रेग्युलेटर चालत नाही, पंप ओढेल तेवढाच गॅस देणारा लागतो. आणि नुसता भोंगा वाजला म्हणजे पास नव्हे. लेबलवरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा यांतला फरक कंपनीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेत हवा. नसेल तर कॅलिब्रेशन. तरीही जमलं नाही तर मीटर बाजूला, लाल टॅग लावून. ‘आजचा दिवस चालवून घेऊ’ नाही.

आता तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायला हवं असं. ऑक्सिजन २०.९ चा २०.१ झाला की बहुतेक जण ‘अजून अलार्मच्या १९.५ च्या वर आहे’ म्हणून टाकीत उतरतात. पण हवेत ऑक्सिजन साधारण पाचवा हिस्सा. तो ०.८ ने कमी झाला म्हणजे जवळजवळ ४ टक्के हवेची जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतली आहे. ४ टक्के म्हणजे ४०,००० पीपीएम. तो कार्बन डायऑक्साइड असेल तर जिवावर बेतेल एवढा आहे, आणि चार गॅसच्या मीटरमध्ये त्याचा सेन्सरच नसतो. अलार्म वाजणार नाही. आकडा का हलला याचं उत्तर मिळेपर्यंत आत जाऊ नका.

ऑक्सिजन आधी वाचायचा याला आणखी एक कारण आहे. एलईएलच्या मण्याला जाळायला ऑक्सिजन लागतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत तो शून्य दाखवेल, मग आत मिथेन कितीही असो. तसंच, आकडा झर्रकन वर जाऊन पुन्हा खाली आला तर ‘गॅस गेला’ समजू नका. मिश्रण एवढं दाट झालेलं असू शकतं की जळायला ऑक्सिजनच पुरत नाही. तिथून निघा.

टाकीत नळी सोडून बाहेरून तपासताना घाई होते. मिथेन वर जमतो, एच टू एस खाली, सीओ हवेत मिसळून सगळीकडे, म्हणून वर, मध्ये, तळाशी अशा तिन्ही ठिकाणी थांबा. नळी जितकी लांब तितका गॅस मीटरपर्यंत यायला उशीर. दर मीटरला सहा-सात सेकंद धरा, वर सेन्सरला स्थिरावायला वेगळा वेळ. सुरुवातीला नळीच्या तोंडावर बोट दाबा, पंपाचा अलार्म आला पाहिजे. नाही आला तर नळी कुठेतरी फुटली आहे आणि तुम्ही बाहेरचीच हवा मोजताय. अंगावर लावायचा मीटर कॉलरजवळ, नाकातोंडापासून वीतभर अंतरात. जॅकेटच्या आत किंवा मागच्या खिशात नको.

उद्या सकाळी सीओचा आकडा कितीवर आला ते मॉडेलसकट कळवा. आणि पुसलेल्या सॅनिटायझरच्या बाटलीवर काय काय लिहिलंय तेही बघून ठेवा. सिलिकॉन किंवा ‘डायमेथिकोन’ (तेही सिलिकॉनच) असं काही असेल तर एलईएलचा बम्प आजच घ्या, उद्यावर ढकलू नका.