डी १० ला (छातीच्या मागच्या दहाव्या मणक्याला) मणक्याची इजा झालीय, हात सोडले की भाऊ बसल्या जागी कलंडतो. बेडवरून व्हीलचेअरवर तो कधी स्वतः जाऊ शकेल का?

हो, बहुतेक करून जाऊ शकेल, कारण डी १० ला हात, खांदे पूर्ण शाबूत असतात आणि पोटाचे वरचे स्नायूही बऱ्यापैकी चालतात. मी न्यूरो फिजिओथेरपिस्ट आहे, असे पेशंट रोज बघते. तोल म्हणजे नुसती कंबर नाही, पाठीचा जो मोठा स्नायू दंडापासून थेट ओटीपोटाच्या हाडापर्यंत जातो (लॅटिसिमस डॉर्साय) त्याची नस मानेतून येते म्हणून तो वाचलेला असतो आणि सराव केला की तोच बसायला आधार देतो. आधी पाय जमिनीवर टेकवून बसवा, एक हात सोडून समोरची वस्तू उचलायला लावा, मग दोन्ही हात, तुम्ही मात्र पुढ्यात उभे राहा. ट्रान्सफरची (बेडवरून व्हीलचेअरवर जाण्याची) खरी युक्ती डोक्यात आहे, डोकं आणि खांदे पुढे झुकवून व्हीलचेअरच्या उलट दिशेला न्यायचे की ढुंगण आपोआप उचलून व्हीलचेअरकडे सरकतं. सुरुवातीला ट्रान्सफर बोर्ड (बेड आणि व्हीलचेअरमध्ये ठेवायची गुळगुळीत फळी) घ्या, व्हीलचेअरचे ब्रेक लावा, बेडच्या बाजूचा आर्मरेस्ट काढा आणि प्लीज ढुंगण घासत ओढू नका, तिथे संवेदना नसते, कातडी सोलली तरी त्याला कळणार नाही आणि बेडसोअर होईल. फक्त एक, ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर सर्जनने बसायची आणि पुढे वाकायची परवानगी दिल्याशिवाय यातलं काहीच करू नका.