ब्रिटनमध्ये घराच्या छपरावर सीगलने घरटं केलंय, काढून टाकू का?

आत्ता हात लावू नका. तिथे १९८१च्या वन्यजीव कायद्यानुसार वापरातलं घरटं मोडणं गुन्हा आहे, आणि हेरिंग गल ही सीगलची जात तर तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. अंडी उबायला साधारण ४ आठवडे, मग पिल्लं उडायला आणखी ५-६. तेवढं सोसाच. पिल्लं लहान असताना आईबाप माणसाच्या डोक्यावर झेपावतात. त्या दिवसांत छत्री उघडून ये-जा करा.

खरं काम हिवाळ्यात. रिकामं घरटं काढा आणि धुराड्याभोवती जाणकाराकडून काटेपट्ट्या किंवा जाळी लावून घ्या. जाळी ताणलेलीच हवी, सैल जाळीत पक्षी अडकून हाल होऊन मरतात. हा बंदोबस्त केला नाही तर तीच जोडी वसंतात पुन्हा तिथेच येते. पक्ष्यांना घाबरवायला ठेवतात त्या प्लास्टिकच्या घुबडावर पैसे घालवू नका, पक्षी त्याला लवकर सरावतात.