“गणित कच्चं हाय, अर्थशास्त्र सोडू का?”

बी.ए.च्या पहिल्या सत्राचा निकाल लागला की हा प्रश्न हमखास येतो. या वेळी तो घेऊन आली कागल तालुक्यातली एक मुलगी (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). शिक्षण मराठी माध्यमातून, बारावी कला शाखेतून, दहावीला गणितात काठावर पास. कोल्हापुरातल्या कॉलेजात अर्थशास्त्र घेतलं आणि पहिल्याच सत्रात मायक्रोचा (सूक्ष्म अर्थशास्त्राचा) पेपर राहिला. सोबत मामा होते. “हे शिकून बँकेत तरी लागतंय का? न्हाईतर मराठी घेऊ दे,” असं त्यांचं म्हणणं. ती म्हणाली, “सगळं पाठ करून गेलतो मॅडम. आकृती आली की डोकंच चालत न्हाई बघा.”

गणित कच्चं असल्याचं निदान तिने स्वतःच करून टाकलं होतं. ते तपासायला वही मागितली. व्याख्या सुवाच्य अक्षरात, खाली लाल रेघा. आकृत्या गाईडमधून पट्टीने उतरवलेल्या. वही मिटून गुळाचा मागणी वक्र, म्हणजे कोणत्या भावाला किती गूळ खपेल हे दाखवणारी रेघ, काढायला सांगितला, तर तिने किंमत आडव्या अक्षावर घेतली. यात तिला फार दोष देता येत नाही. शाळेत कारण आडव्या अक्षावर आणि परिणाम उभ्या अक्षावर मांडायला शिकवतात. अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर येते, ती अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलच्या १८९० सालच्या ग्रंथापासून रुळलेली रीत म्हणून. हे एक वाक्य सुरुवातीलाच कानावर पडलं, तर पुष्कळ मुलांचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

खरी गाठ पुढे होती. मागणीचा विस्तार, संकोच, वृद्धी, ऱ्हास: या चार शब्दांच्या चार व्याख्या तिला तोंडपाठ होत्या, पण चारही तिच्या लेखी ‘मागणी कमी-जास्त होणे’ एवढंच. फरक असा की, त्याच वस्तूची किंमत बदलली तर आपण त्याच वक्रावर वर-खाली सरकतो. तो विस्तार किंवा संकोच. किंमत सोडून दुसरं काही बदललं, म्हणजे उत्पन्न, आवड, पर्यायी वस्तूचा दर, सणवार, तर अख्खा वक्र जागा सोडतो. ती वृद्धी किंवा ऱ्हास. संक्रांतीच्या तोंडावर त्याच भावाला जास्त गूळ खपतो, ही वृद्धी.

मग एक उदाहरण दिलं. परतीचा पाऊस लांबला, गुऱ्हाळं उशिरा पेटली, गुळाचं काय होईल? तिने पुरवठा वक्र (कोणत्या भावाला किती माल विक्रीला येतो ती रेघ) डावीकडे सरकवला. बरोबर. लगेच मागणी वक्रही डावीकडे सरकवला, कारण “भाव वाढला की मागणी कमी होत्या.” नवा छेदनबिंदू जुन्याच भावाला आला. “म्हणजे आवक घटली आणि भाव जागच्या जागी? मार्केट यार्डातला अडत्या ऐकून घेईल का?” ती आकृतीकडे बघत राहिली. “न्हाई, भाव चढतोच की.” आणि दुसरी रेघ तिने स्वतःच खोडली. बाजार तिला कळत होता, अडत होतं ते कागदावर.

म्हणून विषय सोडण्याचा निर्णय सहा आठवडे लांबणीवर टाकला. रोज वीस मिनिटं, कोऱ्या कागदावर एकच आकृती. आधी अक्षांची नावं, मग जुना समतोल (दोन्ही वक्र छेदतात तो बिंदू), मग ‘कोणता वक्र हलला आणि का’ हे एका वाक्यात, त्यानंतरच रेघ. हलवायचा तो एकच वक्र. दोन हलवायचे तर दोन वेगळी कारणं लिहून दाखवायची. गाईड उघडायचं ते शेवटी, ताडून बघायला. जोडीला दर रविवारी आकडे. मागणी १०० − २ किं (किं म्हणजे किंमत), पुरवठा १० + किं, तर किंमत ३० आणि नग ४०. पदवीच्या या टप्प्यावरचं गणित बहुतेक एवढंच: शेकडेवारी, गुणोत्तर, सरळ रेषेचा उतार, दोन समीकरणं.

लवचिकतेपाशी, म्हणजे दर एक टक्का बदलला की खरेदी किती टक्के बदलते या मापापाशी, ती पुन्हा अडली. दुधाचा दर ४० वरून ५० रुपये झाला आणि घरची खरेदी महिन्याला २० वरून १८ लिटरवर आली. दर २५ टक्के वर, खरेदी १० टक्के खाली, उत्तर ०.४. दर परत ५० वरून ४० वर आणला की उत्तर ०.५६. तिला वाटलं, आपलंच चुकलं. चूक नव्हती, टक्केवारीचा पाया बदलला होता. दोन्ही टोकांची सरासरी, ४५ रुपये आणि १९ लिटर, पाया धरली की कुठूनही मोजा, ०.४७ येतं.

मामांना स्पष्ट सांगितलं. बँकांच्या लिपिक आणि अधिकारी भरतीला बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते, पण परीक्षेत शेकडेवारी, गुणोत्तर आणि आलेखवाचन असतंच. मराठी घेतलं म्हणून गणित टळत नाही. उलट बाजूही खरी आहे: नुसत्या बी.ए.वर ‘अर्थतज्ज्ञ’ म्हणून कोणी घेत नाही. यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. तिकडे जायचं तर कलन (कॅल्क्युलस) आणि संख्याशास्त्र चुकत नाही, आणि त्याची सुरुवात बालभारतीच्या अकरावी-बारावी वाणिज्य शाखेच्या गणिताच्या पुस्तकांपासून करता येते. ती मराठीतून मिळतात. मे महिन्याच्या सुट्टीसाठी तिला तीच सुचवली.

सहाव्या आठवड्यात बारा आकृत्या दिल्या. नऊ बरोबर. चुकलेल्या तीनपैकी दोन खर्च वक्रांच्या: सीमांत खर्चाचा (आणखी एक नग काढायला येणाऱ्या खर्चाचा) वक्र सरासरी खर्चाच्या वक्राला त्याच्या सर्वांत खालच्या बिंदूत छेदतो, तिने तो अधेमधेच छेदला होता. समजवायला तिचेच मार्क घेतले. नव्या पेपरात सरासरीपेक्षा कमी पडले तर सरासरी खाली येते, जास्त पडले तर वर चढते. म्हणजे उतरण संपून चढण लागते तिथे दोन्ही सारखे असणार. पुढचा आठवडा याच आकृत्यांचा. मेजर (मुख्य) विषयाचा अर्ज भरायला अजून अवकाश आहे. मामांनी मराठीचा आग्रह सोडलाय, बँकेचा नाही.