कौल मिळाला की बोलावणे आले?

प्रश्न असा आला आहे : अमेरिकेतल्या युटा राज्यात ब्लफ नावाचे गाव मॉर्मन या ख्रिस्ती पंथातल्या कुटुंबांनी वसवले. त्यावरच्या इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करताना, या कुटुंबांना चर्चकडून ‘कॉल’ आला असे वारंवार येते. तिथे ‘त्यांना कौल मिळाला’ असे लिहावे का? उच्चार जुळतो, आणि आपल्याकडेही कौल देऊन गावे वसवत. शिवाय ‘सेटलर’ला वसाहतवादी म्हणावे की वसाहतकार?

‘कौल’ सुचणे अगदी स्वाभाविक आहे, पण इथे तो वापरू नये. ‘कौल’ अरबीतून आला, मूळ अर्थ बोल, वचन. इंग्रजी ‘कॉल’ आला नॉर्स भाषेतून. दोघांचे नाते नाही. अर्थात नाते नसले तरी अर्थ जुळला असता, तर मी हरकत घेतली नसती. अर्थच जुळत नाही.

मराठीत कौल दोन ठिकाणी खोल रुजला आहे. एक देवळात. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात : मूर्तीला पाकळ्या किंवा कळ्या चिकटवायच्या, मनातला प्रश्न गाऱ्हाण्यात घालायचा आणि कुठली पाकळी आधी पडते ते पाहायचे. म्हणजे प्रश्न माणसाचा आणि उत्तर देवाचे. ‘जनतेचा कौल’ही तसाच, आधी कोणीतरी मागितलेला.

दुसरा कौल राज्यकारभारातला. दुष्काळाने किंवा स्वाऱ्यांनी गाव ओस पडले, की पळालेल्या रयतेला परत आणण्यासाठी सरकार कौल देई, म्हणजे अभय आणि सवलतीचे लेखी वचन. पहिल्या वर्षी सारा अगदी हलका, मग वर्षागणिक चढत पुऱ्या दरापर्यंत. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. पेठ वसवायची तरी शेटे-महाजनांना कौल मिळे. या व्यवहारात रयतेला काहीतरी मिळते आहे, म्हणूनच ती येते.

ब्लफची गोष्ट याच्या अगदी उलटी आहे. सॅन हुआन नदीकाठी गाव वसवण्यासाठी 1878-79च्या हिवाळ्यात चर्चने दक्षिण युटातल्या कुटुंबांची नावे काढली. यातल्या बहुतेकांची घरे, शेते, पाट आधीच्या गावांत नीट चाललेले होते. त्यांनी काही मागितले नव्हते आणि सवलतीचे आमिषही नव्हते. नाव पुकारले गेले, म्हणून ते निघाले. सुमारे 250 माणसे आणि 80च्या वर गाड्या 1879च्या शरदात बाहेर पडल्या. सहा आठवड्यांचा अंदाज होता, लागले जवळजवळ सहा महिने. कोलोरॅडो नदीच्या कड्यातली एक अरुंद फट सुरुंग लावून रुंद केली आणि 26 जानेवारी 1880 रोजी तिथून गाड्या दोरांनी आवरत सुमारे हजार फूट खाली नदीपर्यंत उतरवल्या. त्या फटीला आजही ‘होल इन द रॉक’ म्हणतात. ठरलेली जागा आणखी पुढे होती, पण 6 एप्रिलला माणसे आणि जनावरे इतकी थकली होती की बहुतेकांनी सॅन हुआनच्या काठी वाटेतच मुक्काम ठोकला. तेच ब्लफ.

अशा प्रसंगाला साध्या कथनात ‘बोलावणे आले’ पुरेल. मात्र नुसते ‘वरून बोलावणे आले’ लिहिलेत तर मराठी वाचक मरण समजेल, म्हणून ‘चर्चचे’ हा शब्द गाळू नका. धार्मिक भार दाखवायचा असेल तिथे ‘पाचारण’ घ्यावा. मराठी ख्रिस्ती लेखनात तो याच अर्थाने पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

या ‘कॉल’ची दुसरी बाजू म्हणजे ‘रिलीज’. पाचारणाने आलेला माणूस आपल्या मर्जीने गाव सोडून गेला, तर त्याने कर्तव्य टाकले असे मानले जाई. 1884च्या पुरांनी ब्लफचे पाट आणि शेते उद्ध्वस्त केली, तेव्हाही निघू पाहणाऱ्यांना आधी चर्चकडून मोकळीक हवी होती. तिथे ‘सुटका’ लिहू नका, ती तुरुंगातून होते. ‘जबाबदारीतून मोकळे केले’ हे बरोबर. कौल शब्दाला अशी जोडी नाहीच, हेही त्याच्या विरुद्ध जाते.

आता ‘सेटलर’. ‘वसाहतवादी’ नक्की नको. तो साम्राज्याच्या धोरणाचा शब्द आहे. ‘वसाहतकार’ चालेल, पण मला तो कागदी वाटतो. मराठीचे बळ क्रियापदात आहे : वसणे आणि वसवणे. एकेकटे येऊन राहिले ते वसले. ठरवून, माणसे निवडून पाठवली तेव्हा गाव वसवले. म्हणून ‘ब्लफ वसवणारी कुटुंबे’ असे सरळ लिहा. फक्त ‘ओसाड जागी’ हे शब्द जोडू नका. नदीपलीकडे नावाहो होते, त्या मुलखात यूट आणि पाययूट वावरत होते (तिन्ही तिथले मूळ रहिवासी), आणि आसपासच्या कड्यांत प्राचीन प्वेब्लो लोकांची घरे अजून दिसतात.

एक शब्द मात्र हक्काने वापरा : गावठाण. पश्चिमेकडच्या बहुतेक अमेरिकी शेतकऱ्यांचे घर आपापल्या शेतात, शेजाऱ्यापासून लांब असे. मॉर्मनांची घरे एकत्र, शेते बाहेर. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी 1833मध्येच अशा नगराचा आराखडा केला होता, आणि ब्लफमध्ये तर सुरुवातीला ओंडक्यांची घरे एकमेकांना लागून, तोंडे आत करून गढीसारखी बांधली. आपल्या जुन्या भाषेत हीच पांढरी, म्हणजे वस्तीची जमीन, आणि काळी, म्हणजे शेतीची. पण तिथली माती तांबूस, तेव्हा ‘काळी’ने वाचक गोंधळेल. गावठाण आणि शिवार पुरे.

लेखात ‘वॉर्ड’ही येईलच. तो शब्द तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे ‘एका बिशपच्या देखरेखीखालची मंडळी’ एवढे जोडा, नाहीतर नगरपालिकेचा किंवा इस्पितळातला वॉर्ड डोळ्यांपुढे येतो.